भातुकलीतली भाकरी

"आ करा, आजी. अजून मोठा. घाबरू नका, मी काही आत उतरणार नाहीये."

सरूबाईने आ केला. तिचा आ म्हणजे जेमतेम दोन बोटं जातील एवढा. ऑपरेशनमध्ये डाव्या गालाचा आतला भाग काढला, तेव्हापासून तिचा जबडा गंजलेल्या कडीसारखा मध्येच अडायचा. रसिकाने कपाळावरचा दिवा नीट केला, छोटा आरसा आत सरकवला आणि उतरणार नाही म्हणता म्हणता मान वाकडी करून जवळजवळ उतरलीच.

"गालाला लाली... जिभेच्या कडेला जखम. ही मागच्या वेळी नव्हती," ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिने सेंटिमीटरच्या रेघा असलेली एक पारदर्शक पट्टी काढली, जखमेला न लावता केसभर वर धरली, एक डोळा मिटला आणि लांबी-रुंदी मोजली.

सरूबाईला या मोजणीची भारी गंमत वाटायची. राई गावच्या मिठागरावर ती डोक्यावरून मीठ वाहायची तेव्हा मुकादमही राशीपुढे असाच एक डोळा मिटून उभा राहायचा. पण तो मिठाची रास मोजायचा. ही बेव्हर्ली पार्कातली एम.एस्सी. झालेली पोर म्हाताऱ्या बायांच्या तोंडातल्या जखमा मोजते आणि वर त्याचा पगारही घेते!

"झालं. मिटा तोंड. आता सांगा, आज सकाळी काय खाल्लं?"

"भाकरी," सरूबाई म्हणाली. "तांदलाची. आनि सुक्या बोंबलाची चटनी."

रसिकाचं पेन थांबलं. "चटणी? तिखट?"

"मंग काय गोड?"

दाराशी सून शांती पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिने छताकडे पाहिलं. सकाळी तिनेच सासूला पेज गाळून, थंड करून, चमच्याने भरवली होती, आणि अर्धी वाटी तशीच राहिली होती.

शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला की तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर लाल होतं, सोलवटतं, मग जखमा होतात. ते किती झालं हे सांगायला रसिकाकडे ग्रेड होते. नुसती लाली आणि जळजळ असेल तर एक. जखमा आहेत पण घास चावून गिळता येतो, तर दोन. फक्त पातळ खाली उतरतं, तर तीन. तोंडावाटे काहीच जात नाही, तर चार. जखमेचा आकार पट्टी सांगायची. पण दोन की तीन, हे काही पट्टीला कळत नव्हतं. ते ज्याचं तोंड त्यानेच सांगायचं. सरूबाईने भाकरी सांगितली, रसिकाने दोन लिहिले.

बाहेर बाकावर कुलदीप बसला होता. काशीमीऱ्याला ट्रक उभा करून शेक घ्यायला येणारा धिप्पाड ड्रायव्हर. त्याच्या नाकातून एक बारीक नळी निघून गालावर चिकटपट्टीने बसवली होती, आणि तिचं टोक त्याने सुतार पेन्सिल अडकवतो तसं कानामागे अडकवलं होतं.

"अम्मा, आज क्या नंबर आया?"

"दो," सरूबाई ऐटीत म्हणाली.

"वा! अपना तो चार था, तभी पाइप लगाया. डीझल सीधा टंकी में."

सरूबाईने त्या नळीकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. "ये लगाके गाना गाने को आता काय रे?"

"अम्मा, मैं तो पहले भी नहीं गाता था."

शांती हसली. सरूबाई हसली नाही. तिचा सगळा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता.

सरूबाई राईची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तेल लावण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, धवला. ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, पण धवलारीण आल्याशिवाय हळदीचं जातं फिरत नाही. आता डीजे आले, पोरं आधी स्पीकरचा भाव विचारतात. तरी पहिली हळद धवल्यावरच, एवढं गावाने अजून धरलं होतं. जुन्या दोघी गेल्यावर पुरे धवले येणारी एकटी सरूबाई उरली होती. आणि आता तिच्या पुतण्याची पोर चांदणी, जी सरूबाईच्याच मांडीवर वाढली, तिचं लग्न तोंडावर आलं होतं. चांदणी बँकेत नोकरीला होती, इंग्रजीत फोनवर भांडायची. पण सुपारी द्यायला स्वतः आली होती. "मोठी आये, तू गाशील तवाच मी पाटावर बसेन," असं म्हणून तिने सुपारी हातावर ठेवली, त्यानंतर पंधरवड्यात गालातली ती गाठ उघडी पडली.

आता सुपारी घेतली म्हणजे काय, हे सरूबाईला तिच्या सासूने शिकवलं होतं. सुपारी घेतल्यापासून मांडव उतरेपर्यंत आपलं तोंड आपलं नाही, त्या लग्नाचं आहे. ज्या तोंडाने नवरीचं भलं गायचं त्या तोंडाने वंगाळ बोलायचं नाही. रडगाणं नाही, शिवी नाही, 'दुखतं' नाही. 'न्हाय' हा शब्दसुद्धा नाही. सरूबाईने हे इतक्या वर्षांत कधी मोडलं नव्हतं. एकदा भर मांडवात तिला विंचू चावला, तेव्हा बाया विचारायला धावल्या, तर ही म्हणाली, "गुदगुल्या जाल्या जरा."

"पण आये, ती पोरगी डॉक्टरांची हाय, नवरदेवाकडची न्हाय," शांती रिक्षात म्हणाली. "तिला खरं सांगितलं तर काय बिघडेल?"

"सुपारी कुनाला बघून घेत्यात काय? आनि खरं सांगितलं तर नाकान नली घालतील. नली घालून कंदी कुनी धवला गायलाय?"

शांतीला गप्प बसायची सवय होती. सासूच्या मागे बसून धवल्याचं शेवटचं पालुपद ओढायचं, एवढंच तिचं काम. एरवी ती फक्त भांडी घासताना गायची. सुपारी घ्यायच्या आधी सरूबाईने एकदा स्वयंपाकघरातून ते ऐकलं होतं आणि म्हणाली होती, "बाय गो, मना वाटला, एस्टी आली."

रोज सकाळी शेकाच्या खोलीत सरूबाईच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवायचे आणि तो टेबलाला खटाखट अडकवायचे, म्हणजे मान हलू नये. मशीन घरघरत डोक्याभोवती फिरायचं. सरूबाई आत डोळे मिटून मनातल्या मनात धवले म्हणायची. तेलाचा धवला संपता संपता मशीन थांबायचं. घरी आलं की मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि रसिकाने दिलेल्या बाटलीतल्या औषधाच्या गुळण्या. "सगला जलम डोक्यावं मीठ, आथा तोंडान मीठ," ती म्हणायची आणि गुळणी थुंकताना मिटल्या ओठांनी गुणगुणून बघायची. आधी सूर गालाला टोचायचा. मग जिभेला. मग सगळीकडेच.

पुढच्या मोजणीला रसिकाने पट्टी धरली आणि पुढच्या रेघेपर्यंत सरकवली. जिभेची जखम वाढून शेजारच्या दुसऱ्या जखमेला मिळाली होती. वजनाचा काटा पुन्हा खाली उतरला होता.

"आजी, आज काय खाल्लं?"

"भाकरी."

रसिकाने तिच्याकडे पाहिलं. भुवया एकदा वर, एकदा खाली. "बोंबील?"

"ते काल. आज करदीची चटनी."

"मला ना, आजी, तांदळाची भाकरी फार आवडते. पण आमच्याकडे आई करते ती फाटते. तुमच्याकडची आणाल एकदा?"

सरूबाई फुलली. दुसऱ्या दिवशी शांतीला तिने लवकर उठवलं. दोन भाकऱ्या, पांढऱ्याशुभ्र, कापडासारख्या मऊ. सोबत बोंबलाची चटणी, आणि सरूबाईला लागेल म्हणून तळाच्या डब्यात पेज. शेक झाल्यावर रसिकाने मोजणीच्या खोलीतच डबा उघडला, भाकरीचा मोठा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. "कसली भारी आहे!" मग तिने दुसरा तुकडा मोडला आणि सरूबाईपुढे धरला. "एकटीने कसं खायचं? तुम्ही पण घ्या."

समोर धरलेला घास परत करणं सरूबाईच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि 'नको' म्हणायची तर सोयच नव्हती. तिने घास घेतला, तोंडात ठेवला.

मिरची जखमेला लागली तेव्हा खोलीतला दिवा एकदम मोठा झाला असं तिला वाटलं. डोळ्यांतून धारा लागल्या. ती चावेना, गिळेना, थुंकेना. नुसती हसरा चेहरा धरून बसून राहिली, फोटो काढताना बसतात तशी.

रसिकाचाच चेहरा उतरला. तिने झटकन ट्रे पुढे केला. "थुंका, आजी. थुंका आधी! माझी चूक झाली. मला वाटलं तुम्ही घास घेणारच नाही, म्हणजे मला कळेल... मी असं करायला नको होतं." तिने गार पाणी दिलं, मग बधिर करणारं जेल जखमेवर बोटाने हलकेच लावलं. जरा वेळाने सरूबाईचा श्वास जाग्यावर आला.

"चटनी जमली हाय ना?" तिने विचारलं.

रसिका हसली, पण तिचेही डोळे ओले झाले होते. मग शांतीनेच आत येऊन सगळं सांगितलं. सुपारी, मांडव, विंचू, नळी.

रसिकाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये तिने दोनदा प्रश्नही विचारले, विंचू नेमका कुठे चावला होता वगैरे. तिला अर्धवट माहिती चालत नसे. मग स्टूल ओढून सरूबाईच्या समोर बसली.

"आजी, मी तुम्हाला गुळण्यांचं औषध दिलंय ना? तशी दोन औषधं आहेत. काहींना हे, काहींना ते. कुणाला कोणतं, ते मलाही माहीत नाही. शेवटी सगळ्यांची तोंडं बघून ठरणार की कोणतं चांगलं. आता तुमच्या तोंडात एवढ्या जखमा, आणि तुम्ही सांगता भाकरी खाल्ली. मग काय वाटेल? हे औषध काय झकास आहे! मग तेच सगळ्यांना देतील. त्या कुलदीपभाईंसारख्या माणसांना."

सरूबाई विचारात पडली. भलं बोललेलं कुणाच्या तोंडात जाऊन आग लावेल, हे सासूने शिकवलं नव्हतं.

"मंग बोलू काय मी?" ती म्हणाली. "बोलता येत... " पुढचा शब्द तिने तोंडातच धरला.

"बोलूच नका," रसिका म्हणाली. "उद्या बघते मी."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर एक ट्रे मांडला आणि शांती "अगो बाय!" म्हणून खालीच बसली. ट्रेमध्ये भातुकली होती. भाईंदरच्या बाजारातून आणलेला नखाएवढा तवा, त्यावर भाकरी. चिमुकल्या पातेल्यात मऊ भात. एका वाटीत पेज. आणि शेवटची वाटी रिकामी. भाकरी रसिकाने घरी नळाच्या गळतीला लावायच्या एम-सीलची केली होती आणि तिच्यावर काळ्या पेनाने भाजल्याचे डागही काढले होते.

"डॉक्टरांना विचारलंय. ग्रेड तेच, फक्त विचारायची पद्धत वेगळी. आज जे खाता येईल त्याला बोट लावायचं. शब्द एकसुद्धा नाही."

सरूबाईने ती भातुकली डोळे भरून पाहिली. भाकरीच्या कडा बोटाने चाचपल्या. "हिची पन फाटली हाय जराशी," ती शांतीला म्हणाली. मग बोट भातावरून पुढे गेलं आणि पेजेवर टेकलं. तिथून ते रिकाम्या वाटीकडे गेलं, अर्धवट थांबलं, परत पेजेवर आलं.

रसिकाने आधीच्या कागदांवरच्या 'दोन'वर एकेकच रेघ मारली, खालचा आकडा दिसेल अशी. शेजारी तीन लिहिले, कारण लिहिलं, तारीख टाकून सही केली. "खोडायचं नसतं," ती म्हणाली. "आधी काय लिहिलं होतं तेही दिसलं पाहिजे."

डॉक्टर नीरज तरुण होते. बोलायला लागण्याआधी खुर्ची जवळ ओढून घ्यायची त्यांची पद्धत होती. आज त्यांनी ती बरीच जवळ ओढली.

"आजी, वजन असंच उतरलं तर शेक मध्येच थांबवावा लागेल. आपण थांबलो तरी आजार थांबत नाही, हीच अडचण आहे. शेक अर्धवट सोडायचा नसेल तर पोटात अन्न गेलं पाहिजे. दुखणं कमी करायचं औषध देतो, आणि नळी घालतो. जखमा भरल्या की काढून टाकू."

"आनि गाना?"

डॉक्टरांनी क्षणभर रसिकाकडे पाहिलं. "पुढे हळूहळू जमेल. पण या लग्नात नाही जमायचं."

शांतीने सासूचा हात धरला.

"मग नळी घालू ना, आजी?"

सरूबाईने तोंड उघडलं. तिच्याकडे द्यायला एकच उत्तर होतं. दुसरं मांडव उतरेपर्यंत गहाण पडलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सासूचा राग आला.

"हा," ती म्हणाली.

बाहेर कुलदीपने तिला पाहिलं आणि उठून सलाम ठोकला. "आ गई अम्मा अपनी यूनियन में! कान के पीछे रखना, शर्ट में अटकता है."

हळदीच्या सकाळी राईत मांडवाखाली बायांनी जात्याभोवती रिंगण धरलं. एका बाजूला डीजेचे डबे काळ्या कपड्याखाली झाकून ठेवले होते. सरूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली, केसांत अबोली, नळी कानामागे. चांदणी पाटावर बसली होती. तिने वळून पाहिलं आणि पदर डोळ्यांकडे नेला. सरूबाईने लांबूनच बोट उगारलं. नवरीने रडायचं नाही.

मग ती जात्यापाशी बसली, शांतीला ओढून आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आये, मना न्हाय जमनार," शांती कुजबुजली.

सरूबाईने गुडघ्यावर ठेका धरला.

शांतीने डोळे गच्च मिटले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला एस्टी आली. कुणीतरी पदरात हसलं. दुसऱ्या ओळीला आवाज जरा सरळ झाला, तिसरीला जातं फिरायला लागलं, आणि मग बाया मागून पालुपद ओढू लागल्या. सरूबाईचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मिठाच्या राशीवर चांदणं पडलंय, आमची पोर निघालीय, असा तो धवला. त्यात पुढे नवरी होडीत बसून खाडी ओलांडते. शांती तिथपर्यंत आली आणि अडकली. होडीचे शब्दच आठवेनात. जातं फिरतच होतं. क्षणभर ती गटांगळ्या खात राहिली, आणि मग तिने जे सुचलं ते सुरात टाकून दिलं,

"रिक्शान बसून नवरी निंघाली गो,
पुलावशी खारी बघून घे गो..."

गुडघ्यावरचा हात थांबला. बाया थबकल्या. सरूबाईच्या सासूने, तिच्या सासूने, कुणीच धवल्यात कधी रिक्षा घातली नव्हती. शांतीने घाबरून डोळे उघडले. सरूबाई तिच्याकडे बघत होती. वर मांडव होता, तेव्हा तिला काही बोलता येत नव्हतं.

मग पाटावरची चांदणी खदखदून हसली. बाया हसल्या, आणि हसता हसता त्यांनीच ती ओळ उचलून परत म्हटली. गुडघ्यावरचा ठेका पुन्हा सुरू झाला. विधी झाल्यावर चांदणीने वाटीतली हळद घेतली आणि मोठ्या आयेच्या गालाला लावली, नळीच्या चिकटपट्टीवरच.

रविवारी मांडव उतरला. सोमवारी मोजणीच्या खोलीत सरूबाई खुर्चीत बसली ती आधीच तोंड उघडून.

"कसं वाटतंय, आजी?"

"जलतंय!" सरूबाई म्हणाली. "रातदिस जलतंय. जीब म्हंजे भट्टी जाली हाय. ह्या नलीनं नाकान खाज येते. तुझ्या मशीनची गादी कडक हाय. त्यो मुखवटा मना न्हाय आवरत. त्या सोड्याच्या पान्याला मेल्या सापाचा वास येतो. आनि त्या दिवशी तू मना मिरची चारलीस, सटवे, मना सात पिढ्या आठवल्या!"

हे सगळं तिने इतक्या दिवसांचं साठवलेलं, जखमेला सांभाळत, थांबत थांबत, पण प्रत्येक शब्दाची चव घेत सांगितलं. रसिका हसत हसत लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने पट्टी धरली, डोळा मिटला, मोजलं, मग खात्रीसाठी परत मोजलं. "तेवढीच आहे. वाढलेली नाही."

गालावरची पिवळी चिकटपट्टी बदलायची होती. रसिकाने नवी कापून घेतली, मग पिवळ्याकडे पाहिलं, आणि नवी ट्रेच्या कडेला चिकटवून ठेवली. "उद्या बदलू."

तिने भातुकली पुढे केली. सरूबाईने पेजेला बोट लावलं. रसिकाने तीन लिहिले.

शांती दाराशीच उभी होती, पिशवी पोटाशी धरून. "आये," ती म्हणाली, "मांडव उतरला आता. माझं पन सांगून टाका. रिक्शाचं."

सरूबाईने सुनेकडे पाहिलं. बोलायची आता मुभा होती. तिने तोंड उघडलं, पण बोलून बोलून जीभ पेटली होती. तिने ते मिटलं आणि ट्रे जवळ ओढला. बोट रिकाम्या वाटीवर गेलं. शांतीने मान खाली घातली. बोट पेजेवर आलं, भातावर आलं, तिथेही थांबलं नाही.

सरूबाईने तव्यावरची ती नखाएवढी भाकरी उचलली, शांतीचा हात ओढला आणि तिच्या तळव्यावर ठेवून मूठ मिटवली.

पुढचा पेशंट दाराशी आला होता, आणि मोजणीला भाकरी लागणार होती. रसिकाने ती परत मागितली नाही.